दरवेळची तपासणी

रेवताबाई ओसरीत फाटकं जाळं सांधत होत्या. खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधणारा त्यांचा मुलगा लिलाधर लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसला.

“आई, आपल्या ज्योत्सनाच्या रक्ततपासणीची फाइल साऱ्या जगाले देऊ का? तुले विचारल्याबिगर देता येत नाई.”

“कायले पायजे जगाले?”

“सिकलसेल ओळखाचं सॉफ्टवेअर हाय. मी ते बांधून देतो, मंग कोनीही आपल्या कम्प्युटरवर फुकट बसवते. पन त्याच्यासंगं अशा फाइलीचा एक नमुना द्या लागते. सॉफ्टवेअर पयले तो वाचून पाह्यते. उत्तर बरोबर आलं, तरच पुढं जाते. आतापावतोचे नमुने सारे परदेशातले. आपल्याकडचा एकही नाई.”

“किती डाव वाचन ते?”

“सॉफ्टवेअरात काही बदललं, का दरवेळी. आपन नसलो तरीही.”

जाळ्यातली सुई थांबली. बहिणीचा आजार आईनं गावापासून किती वर्षं लपवला होता, ते लिलाधरला आठवलं. तो घाईनं म्हणाला, “नाव नाई राहत तिचं.”

“नावाचं राहू दे. दरवेळी तिचं रक्त काढल्यावानी तं नाई होनार?”

“नाई आई. ती असताना काढलं होतं, तेच.”

रेवताबाईंनी सुई पुन्हा जाळ्यात घातली.

“दे मंग. जाईपर्यंत सुईलेच भेत होती माही पोरगी.”