हलकी सिस्टिम

आईच्या तेराव्याचं आवरून स्वानंदी सांगलीच्या घराच्या बाहेरच्या खोलीत आली, तर बाबा पुन्हा कॉम्प्युटरपुढे. मासिकाबरोबर आलेल्या सीडींमधली एकेक लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम ते टाकून बघत, नको ते काढत, तरी जड वाटली की पुसून दुसरी टाकत.

शेजारचे सुमंतकाका म्हणाले, "गंगाधर, लय सोलू नकोस रं. आत काय उरायचं न्हाई!"

"एवढी हलकी कशाला हवीय, बाबा? तीही आजच?" स्वानंदीने आवाज न चढवता विचारलं.

 

"डिस्क लहान आहे गं. दिवाळीत माइक लावून बघत होतो, तेव्हा तुझी आई भाजी निवडत तासभर बोलत होती. ते रेकॉर्डिंग ठेवून उरेल तेवढ्या जागेत मावणारी सिस्टिम शोधतोय."