सतरा नंबरला नावं

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मावशी काही केल्या खुर्ची सोडेनात. मग व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओने त्यांच्या लाडक्या बास्केटबॉलपटूला, सतरा नंबरला, नावं ठेवायला सुरुवात केली.

"समोरच्या टीममधल्या चार नंबरपुढे तुमचा म्हणजे नुसता उंच बांबू."

मावशी दातओठ खात उठायच्या. तो एकेक पाऊल मागे सरकायचा आणि त्या भांडत भांडत दारापर्यंत जायच्या.

आज सतरा नंबर निवृत्त झाला. फिजिओ आला तो गप्पच.

"बोल की आता," मावशी म्हणाल्या.

"काय बोलू, मावशी? शाळेत होतो तेव्हापासून मीही त्याचाच." त्याचे डोळे भरून आले.

मावशी खुर्चीचे हात धरून स्वतःहून उठल्या आणि स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आल्या.

"पी. आणि उद्यापासून पुन्हा नावं ठेव त्याला. मला अजून जिना उतरायचाय."