आतलं नाव, बाहेरचं नाव

माझा संशय पहिल्यापासून सर्व्हर सांभाळणाऱ्या पाठारेवरच होता. त्याने आमच्या कॉलेजच्या वेबसाइटपुढे एक मधला सर्व्हर बसवला आणि तेव्हापासून लॉगिन केलेली मुलं पुढच्याच क्लिकला बाहेर फेकली जाऊ लागली. प्रवेशअर्जांची मुदत संध्याकाळी संपत होती आणि हा म्हणे, "माझ्याकडे काय बघतेस? तुझा कोड बघ."

घरीही तेच. सासूबाई आठवडाभर घुश्शात. आज निघताना म्हणाल्या, "माझ्या हातचं आवडत नसेल तर तोंडावर सांगावं." काल रात्री तर मी दोनदा भाजी वाढून घेतली होती! नणंदेनेच कान भरले असणार.

दुपारी चूक सापडली. लॉगिन केलेल्याला ओळखण्यासाठी ब्राउझरकडे ठेवायची चिठ्ठी, म्हणजे कुकी, आमचा सर्व्हर स्वतःच्या आतल्या नावाने देत होता. बाहेर साइटचं नाव वेगळं, म्हणून ब्राउझर ती परक्याची समजून टाकून देत होता. पाठारेने मधल्या सर्व्हरला आतलं नाव बदलून बाहेरचं लावायला सांगितलं आणि लॉगिन टिकलं.

"लबाडी कोणाचीच नव्हती बघ," तो हसला. "नावं तेवढी दोन होती."

दोन नावं. मी तशीच उठले आणि जिना उतरून गेटवर गेले. लग्नात तांदळात लिहिलेलं माझं नाव फक्त सासरी चालतं. ऑफिसात मी अजून ऋतुजाच.

"काका, मुग्धा नावाने काही आलं होतं का?"

"आठवडाभर रोज गरम डबा येतोय, मॅडम," वॉचमनकाका म्हणाले. "त्या नावाचं इथे कोणीच नाही, म्हणून मी तसाच परत पाठवतो."