किनाऱ्यावरचा वायरलेस

प्रफुल्ल तांडेल बोट घेऊन समुद्रात गेले, की दहावीतली लेक हेतल घरच्या वायरलेसवर त्यांना मैत्रिणींच्या भांडणापासून गणिताच्या मार्कांपर्यंत सगळं सांगायची. पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली, मुरब्याच्या किनाऱ्यावर बोट ओढली, बाप घरात समोर बसला आणि पोरीच्या तोंडाला कुलूप लागलं. चार दिवस ताटातला भातही तसाच राहत होता.

"काय झालं गो?"

"काय नाय."

भर तुफानात बोट सांभाळणारे तांडेल शेवटी टेकीला आले. उठले, घरासमोर ओढून ठेवलेल्या बोटीत जाऊन बसले आणि वायरलेस लावला. "हेतल, आयकू येतं काय?"

खरखर झाली, घरातला वायरलेस हेतलने उचलला.

"येतं पप्पा. आज लवकर नका येऊ, बरंच सांगायचं हाय."