नदीकाठचं दानपत्र

विजयसिंह अण्णांनी कागद उलटा धरून पुढं केला. सतीशनं तो सुलटा करून घेतला.

"आजोबांच्या पेटीत सापडला," अण्णा म्हणाले. "निजामाच्या वक्ताचा हाय. नदीकाठची जमीन त्यांनी गावाला दिली, त्याचंच दानपत्र असणार. वाचा बरं. असलं उर्दू वाचणारे तालुक्यात तुमी एकटेच म्हणं."

हे बरंचसं खरं होतं. अक्षर शिकस्ता वळणाचं होतं, म्हणजे कचेरीतल्या कारकुनानं टिंबं गाळून, घाईत ओढलेलं. त्यापुढं उर्दू शाळेचे मास्तरही हात टेकायचे. सतीशनं पीएच.डी.साठी चार वर्षं असलेच कागद चाळले होते. त्या पीएच.डी.च्या जोरावर तो अण्णांच्या कॉलेजात अकरा वर्षं इतिहास शिकवत होता, तासिका तत्त्वावर. यंदा कायम जागा निघाली होती. ऑर्डरवर सही अण्णांची.

कागदात लिहिलं होतं : पाटलांनी, म्हणजे अण्णांच्या आजोबांनी, नदीकाठचं गावाचं गायरान काट्यांचं कुंपण घालून बळकावलं आहे. आठ दिवसांत सोडावं, नाहीतर शिपाई येऊन कुंपण उपटतील.

सतीशनं तीनदा वाचलं.

"काय म्हणतोय कागद?"

"दानपत्रच आहे, अण्णा. अकरा एकर. गावाच्या गुराढोरांसाठी, स्वखुशीनं."

"अकरा?" अण्णांनी डोळे टिपले. "आमी आपलं सातच समजत होतो."

नदीकाठची बाग आणि चालायचा ट्रॅक कधीचा तयार होता. अडलं होतं ते नावावर. दानपत्र निघालं आणि विरोधकही गप्प बसले. दान केलेल्या माणसाविरुद्ध बोलायचं म्हणजे आधी आपल्या आज्यानं काय दिलं ते शोधावं लागतं. बागेला अण्णांच्या आजोबांचं नाव लागलं. मग अण्णांनी फर्मान काढलं, कागद जसाच्या तसा काळ्या ग्रॅनाइटवर कोरायचा.

"खाली मराठीत दिलं तरी पुरे होईल," सतीशनं सुचवलं.

"कावून? मराठी काय, कुणीबी लिहितंय. अस्सल पायजे."

शिळा उभी राहिली त्या दिवसापासून सतीश सकाळ-संध्याकाळ ट्रॅकवर फेऱ्या मारू लागला. बायकोला, चैतालीला, वाटलं शुगर निघाली. तिनं चहातली साखर बंद केली. शिळेपुढं कुणी थांबलं की सतीश थांबायचा. तो माणूस सेल्फी काढून गेला की पुन्हा चालायचा.

उद्घाटनाला उर्दू शाळेचे निवृत्त मास्तर आले. शिळेपुढं उभे राहिले. बोट एकेका ओळीवरून फिरत चौथ्या ओळीवर अडलं. कुंपण उपटणारे शिपाई त्याच ओळीत होते. सतीश पुढं झाला.

"काय झालं, मास्तर?"

"काय न्हाई, सर. लई बारीक कोरलंय. डोळ्याला दिसंना." आणि मास्तर नाश्त्याच्या रांगेत लागले.

भाषणं झाली. पाच वक्त्यांनी अकरा एकराचे पंधरा केले. लोक पांगल्यावर अण्णांनी सतीशला बाजूला घेतलं.

"तुमच्या जागेसाठी संभाजीनगरचे दोघं आलते. लई शिकलेले. दोघांची बुकं छापलेली."

"अण्णा, अकरा वर्षं झाली मला..."

"तेच तर. सोमवारी ऑर्डर घेऊन जा."

सतीश वाकायलाच निघाला होता. अण्णांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं.

"पाया कशाला पडताय? इतिहासाला माणूस पारखून घ्यावा लागतो. तुमच्या आधी त्या दोघांनाबी हाच कागद वाचायला दिलता," अण्णा म्हणाले. "दोघांनीबी जे लिहिलंय तेच सांगितलं."