रूफसची जपानी गाडी

“ही गाडी आत यायची नाही.”

ओडेलने फाटकाचा आडवा दांडा खाली तसाच धरून ठेवला. समोर छोटीशी पिवळी जपानी गाडी घरघरत उभी होती आणि आत रूफस बसला होता. शेजारी त्याची बायको अर्नेस्टीन. तिच्या मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं पातेलं, वर स्वच्छ फडकं.

सप्टेंबरातल्या अमेरिकन कामगार दिनाची मेजवानी होती. युनियनच्या आवारात, मोटारींच्या कारखान्यांवर जगणारं अर्धं फ्लिंट शहर लोटलं होतं. भाजणाऱ्या मांसाचा धूर रस्त्यापर्यंत येत होता. फाटकाशेजारी नवीकोरी पाटी होती: ‘परदेशी गाड्यांना मज्जाव. ज्यांची गाडी, त्यांच्या देशात लावा.’ त्या वर्षी गल्लोगल्ली कारखान्यातून काढलेली माणसं घरी बसून होती, आणि राग काढायला सगळ्यांना जपान सापडला होता.

ओडेल आजवर रूफसला दादा म्हणत आला होता. तरणा ओडेल अलाबामाहून बसने आला, तेव्हा रूफसनेच त्याला घरात जागा दिली, कारखान्यात चिकटवलं, बोटं न चेचता गाडीला दार कसं बसवायचं ते शिकवलं. ओडेलच्या थोरलीचा तो धर्मबाप. आणि हाच माणूस मार्चमध्ये ऐन कपातीच्या तोंडावर, पाठ गेली म्हणून आपणहून घरी बसला. इतका जुना कामगार. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ‘आम्हाला वाऱ्यावर सोडून पळाला,’ असं ओडेलच्या मनाने घेतलं. तेव्हापासून त्याने रूफसच्या घरची वाट सोडली. वर आता ही गाडी.

“सॅलड ठेवतो नि निघतो, ओडेल. ही पहाटेपासून राबलीय.”

“पाटी वाचलीस ना?”

“जुनी गाडी आहे रे. मिळाली ती घेतली.”

“रूफस, आत बसताना गुडघे कानाला लागतात का रे?” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. रूफसही हसला. ओडेल हसला नाही.

“आयुष्यभर आपल्या हातांनी गाड्या जोडल्यास,” तो म्हणाला. “आणि आता जपान्यांची घरं भरतोस? तुझ्या असल्या गाडीपायी इथल्या कुणाच्या तरी चुलीत पाणी पडतंय, कळतं का तुला?”

अर्नेस्टीन काहीतरी बोलायला वळली. रूफसने नुसती नकारार्थी मान हलवली.

“धाकटी कशी आहे?” त्याने विचारलं. “अजून पाहिलीच नाही मी तिला.”

“माझ्या लेकराचं नाव काढू नकोस.”

रूफसने गाडी मागे घेतली. पातेलं कलंडू नये म्हणून अर्नेस्टीनने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाडी वळून दिसेनाशी झाली, तशा मागे टाळ्या पडल्या. कुणीतरी ओडेलच्या हातात गार बिअर दिली. त्याने एक घोट घेतला आणि बाटली खांबाशी ठेवून दिली.

टाळ्या न वाजवणारी एकटी ल्युसिल होती. कंपनीशी बोलणी करायला त्यांच्या खात्याने तिला निवडून दिलं होतं. ती फाटकापाशी आली.

“रूफसला परत पाठवलंस?”

“पाठवलं. परक्याने केलं असतं तर इतकं लागलं नसतं, ताई. बापाच्या जागी होता तो. त्यानेच दगा दिला.”

ल्युसिलने मागे कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

“मार्चमध्ये आपल्या खात्यातली नावं ठरली, तेव्हा मी त्या खोलीत होते,” ती म्हणाली. “नवा आधी जातो, हा नियम. शेवटचं नाव तुझं होतं.”

“माझं? काहीतरीच काय! मला कुठे काढलं?”

“कारण जुन्याने आपणहून जागा सोडली की एक नवा वाचतो. रूफस माझ्याकडे आला. म्हणाला, ओडेलच्या बायकोला दिवस गेलेत, नवं घर घेतलंय, त्याच्याऐवजी मला काढ. घरी बसल्यावर मिळणारे पैसे उन्हाळ्यातच आटले त्याचे. आपल्याच कारखान्याची ती मोठी गाडी, जिला तो लेकीसारखा पुसायचा, ती विकली. म्हणून ही आली.”

आवारात बँडवाल्यांनी सूर धरला होता. फाटकापुढे दुसरी गाडी येऊन थांबली, तिने हॉर्न दिला. ओडेलचा हात दांड्यावर होता, पण दांडा उचलला जाईना.

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?” त्याने कसंबसं विचारलं.

“शपथ घातली होती त्याने,” ल्युसिल म्हणाली. “म्हणाला, कळलं तर पोरगा जन्मभर माझ्यापुढे मान खाली घालून वावरेल, त्यापेक्षा त्याने मला शिव्या दिलेल्या परवडल्या.”