शेवटचं नाव

"पणजीच्या बहिणीचं नाव आठवत नाही गं," उकळत्या मडक्यासमोर बसलेली आई रडवेली झाली होती.

झांबियातल्या आमच्या गावात तापावरची मुळी अशीच शिजते. एकेका पूर्वजाला नाव गाऊन बोलवायचं आणि शेवटचं नाव झालं की मडकं उतरवायचं. लहानपणी नावं संपायच्या आत मला झोप लागायची. आता म्हातारपणी आई त्यातली निम्मी विसरली होती.

मी सरकारी दवाखान्यातली नर्स. मी तिची समजूत काढली. "असू दे, आई. गुण मुळीचा आहे, नावांचा नाही. आठवतील तेवढी घे आणि उतरव."

तिनं ऐकलं. पहिला पेला औषध देणाऱ्यानं प्यायचा, मग रोग्याला द्यायचा, असा आमचा रिवाज. आई प्यायली. दुसरा पेला भरायच्या आत तिला झटके आले आणि दुपारपर्यंत ती गेली.

"मुळी विषारी आहे," आमचे डॉक्टर म्हणाले. "तासभर उकळली तरच विष जातं. पण घड्याळाशिवाय तुमच्या लोकांना वेळ कळायचा कसा?"

मी मनातल्या मनात त्या दिवशी आईनं गाळलेली नावं मोजत होते.

आज तापानं फणफणलेली शेजारीण समोर आहे आणि मडकं मी चढवलंय. गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोळा केलेली सगळी नावं गाऊन झाली. मनगटावरच्या घड्याळात तास कधीच भरला. आता एकच नाव उरलंय, आईचं. ते तोंडातून निघत नाहीये, आणि ते घेतल्याशिवाय मडकं उतरवायचं नाही.